नकाशा उलटा धरणाऱ्या ताईंना

ताई,

माझी मुलगी नऊ वर्षांची. शाळेच्या सहलीत तिला ओरिएंटियरिंग खेळायला मिळालं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. हातात नकाशा, त्यावर दाखवलेल्या जागा रानात किंवा बागेत क्रमाने शोधत जायचं आणि लवकरात लवकर परत यायचं, एवढं मला कळलं. जवळच्या एका क्लबाची पुढच्या महिन्यात सगळ्यांसाठी खुली फेरी आहे. अख्ख्या घराने जायचं असा मुलीचा हट्ट. पण आमचं घर कसं ते बघा. सासरे ७२ वर्षांचे, गुडघे कुरकुरतात. माझे मिस्टर तीन वर्षांपूर्वीच्या अपघातानंतर व्हीलचेअरवर असतात. ते म्हणतात, ‘तुम्ही जा, मी गाडीत पेपर वाचत बसतो.’ ते ऐकवत नाही. आणि मला तर दिशाच कळत नाहीत. फोनवरचा नकाशा मी जायच्या दिशेला फिरवून बघते, त्यावरून घरात थट्टा होते. पार्किंगमध्ये स्वतःची गाडी सापडत नाही मला! लेकीसमोर रानात हरवले तर? हा खेळ आमच्यासारख्यांचा आहे, की धावणाऱ्या तरुणांचा? महागडं होकायंत्र घ्यावं लागेल का? फोन नेता येतो का?

— वाट चुकणारी

प्रिय वाट चुकणारी,

थट्टा करणाऱ्यांना आधी एक निरोप द्या. नकाशा जायच्या दिशेला फिरवून बघणं हा या खेळातला पहिला धडा आहे. नवख्यांना पहिल्या दहा मिनिटांत तोच शिकवतात, आणि जागतिक स्पर्धेतले खेळाडूही धावता धावता तेच करत असतात. आपण वळलो की हातातला नकाशाही वळवायचा, म्हणजे समोरची टेकडी नकाशावरही समोरच दिसते आणि डावीकडचा ओढा डावीकडेच राहतो. जे लोक नकाशा सरळ धरून मनातल्या मनात जग फिरवतात, त्यांची दमणूक जास्त आणि चुकाही जास्त. तुम्ही हे न शिकवता करत होतात आणि वर लाजत होतात!

आता हरवण्याबद्दल. खोटा धीर देत नाही, हरवाल. सगळेच हरवतात. माझ्या पहिल्याच फेरीत नकाशा सांगत होता, ओढ्याच्या डाव्या अंगाला मोठा खडक, त्याच्या पायथ्याशी कंट्रोल. (कंट्रोल म्हणजे आपण शोधतो ती खूण, केशरी-पांढऱ्या कापडाचा तीन बाजूंचा कंदील म्हणा ना, प्रत्येक बाजू ३० सेंटीमीटरची.) मला ओढा सापडला, डावीकडे खडकही सापडला, कंट्रोल काही दिसेना. खडकाभोवती वीस मिनिटं प्रदक्षिणा घातल्या. शेवटी मनाशी नक्की केलं की नकाशा काढणाऱ्यानेच घोळ घातलाय. तेवढ्यात दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा आला. मी तक्रार केली तशी त्याने माझ्या नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाला, “काकू, तुम्ही इथे आहात.” ते बोट एक सेंटीमीटर पलीकडच्या, दुसऱ्याच ओढ्यावर होतं. त्या नकाशाचं प्रमाण १:१०,०००, म्हणजे कागदावरचा एक सेंटीमीटर जमिनीवर १०० मीटर. नियमाप्रमाणे त्याने मला सांगायला नको होतं. पण त्याला माझी दया आली असावी.

ही गल्लत या खेळातली सगळ्यात जुनी. दोन सारख्या जागा शेजारी असल्या की आपण चुकीच्या जागी उभे राहतो आणि दिसेल ती प्रत्येक गोष्ट नकाशात कोंबून बसवतो. त्यावर उपाय साधा आहे, पण अंगवळणी पडायला वेळ लागतो. ‘काहीतरी जुळत नाही’ असं वाटलं की थांबायचं. पुढे ओढ घेत सुटायचं नाही. ‘मी कुठे आहे हे मला शेवटचं नक्की कधी माहीत होतं?’ असं स्वतःला विचारायचं. पायवाट दुभंगली होती तिथे? मग सरळ त्या फाट्यापर्यंत मागे यायचं आणि तिथून पुन्हा निघायचं. तुमच्या पार्किंगच्या दुखण्यालाही हाच उपाय लागू पडेल असा माझा अंदाज आहे.

आणखी एक सवय लावून घ्या. नकाशाची घडी घालून तो लहान करा आणि आपण जिथे आहोत तिथे अंगठा ठेवा. चाललात की अंगठा सरकवा. पाच मिनिटांनी नकाशाकडे पाहिलं, तर अख्खा कागद धुंडाळावा लागत नाही, नखाच्या टोकाशी आपण असतोच. सुरुवातीला एखादा कठडा धरून चालावं तसं चाला. म्हणजे पायवाट, कुंपण, ओढ्याचा काठ अशी लांबलचक गोष्ट पकडायची आणि तिच्या कडेकडेने जायचं. आणि निघण्याआधीच बघून ठेवायचं की कंट्रोलच्या पलीकडे काय आहे. मोठा रस्ता असेल तर तो लागताच कळतं, पुढे आलो, मागे फिरा.

नकाशाचे रंग समजून घ्या, कारण इथे भले भले फसतात. पांढरं म्हणजे मोकळं मैदान असं कुणालाही वाटेल. नाही. पांढरं म्हणजे ज्यातून सहज धावता येईल असं जंगल. मोकळी जमीन पिवळी असते. हिरवं म्हणजे दाट झाडी, आणि हिरवा जितका गडद तितकं आत शिरणं अवघड. निळं पाणी, काळ्यात खडक, वाटा नि माणसाने बांधलेलं सगळं, आणि तपकिरी रेषा म्हणजे जमिनीचे चढउतार. जांभळ्या रंगात तुमचा मार्ग असतो. त्रिकोणापासून निघायचं, आकड्यांच्या वर्तुळांवरून जायचं आणि जोडवर्तुळाशी संपवायचं. कंट्रोल वर्तुळाच्या बरोबर मधोमध असतो, ‘साधारण त्या भागात’ नसतो. तिथे पोहोचलात की त्यावरचा सांकेतिक आकडा आपल्या चिठ्ठीशी (तिच्यात प्रत्येक कंट्रोलचा आकडा आणि जागेचं वर्णन असतं) पडताळून पाहायचा. हे आकडे ३१ पासून सुरू होतात, म्हणजे कंट्रोलचा क्रमांक आणि संकेत यांची सरमिसळ होत नाही. ज्या कुणाला हे सुचलं, तो माझ्यासारख्यांना चांगला ओळखत असणार.

आता तुमच्या घराबद्दल, कारण खरा प्रश्न तोच आहे. पत्रावरून दिसतं की चौघांनी एका घोळक्याने फिरायचं असं तुमच्या मनात आहे. तसं करू नका. घोळक्यात नकाशा एकाच्याच हातात राहतो आणि बाकीचे मेंढरांसारखे मागे. बहुतेक घरांत तो आधी वडिलांच्या हातात जातो, मग सगळ्यात मोठ्याने बोलणाऱ्याच्या, आणि जिच्या हट्टामुळे सगळे आले, ती पोर ‘चला ना, चला ना’ करत राहते. या खेळाची मजा अशी की एकाच रानात, एकाच सकाळी, एकाच नकाशावर अनेक मार्ग आखलेले असतात, आखूड-लांब, सोपे-अवघड. जाताना एकत्र जा, मार्ग ज्याचा त्याचा घ्या.

मुलीसाठी सोपा मार्ग मागा. अगदी चिमुरड्यांसाठी काही ठिकाणी जमिनीवर दोरी अंथरतात, ती धरून कंट्रोल शोधत जायचं. पण नऊ वर्षांच्या मुलीला दोरी म्हणजे अपमान वाटेल. तिच्या वयाला पायवाटेपायवाटेने जाणारा मार्ग, जिथे प्रत्येक वळणावर कंट्रोल असतो, तो ठीक. पहिल्यांदा तुम्ही सोबत जा, पण दहा पावलं मागून. नकाशा तिच्या हातात. ती चुकीच्या फाट्याला वळली की तुमचा जीव वरखाली होईल. गप्प राहा. मनात शंभरपर्यंत मोजा. नव्वदच्या आत ती बहुधा थांबेल, नकाशाकडे बघेल, नाक खाजवेल आणि मागे वळेल. तो क्षण तिचा आहे, तो ‘अगं, तिकडे नाही’ म्हणून हिसकावून घेऊ नका. मी एकदा हिसकावून घेतला होता. भाचीने पुढचे चार कंट्रोल मला विचारून विचारून केले आणि शेवटी म्हणाली, “हे तूच खेळलीस.”

सासऱ्यांचं वय इथे अडचण नाही. जागतिक मास्टर्स स्पर्धेत ३५ वर्षांपासून पुढे दर पाच वर्षांचा वेगळा गट असतो आणि नव्वदीच्या घरातली माणसंही नकाशा घेऊन उतरतात. पण त्यांना स्पर्धेचं आमिष दाखवू नका, चालायला जायचंय म्हणा. धावलंच पाहिजे असं काही नाही. गुडघ्यांसाठी एक युक्ती सांगते. तपकिरी रेषा मोजायला लावा. अशा नकाशांवर दोन रेषांमधली उंची बहुतेक वेळा ५ मीटर असते. दोन कंट्रोलांमध्ये सरळ रेषेत सहा रेषा ओलांडाव्या लागत असतील तर तो ३० मीटरचा चढ, म्हणजे दहा मजल्यांचा जिना. त्याऐवजी टेकडीला वळसा घालून तीनशे मीटर जास्त चाललं तर चढ जवळजवळ नाहीच. कुठली वाट घ्यायची हे ठरवणं हाच खेळ आहे, आणि त्यात तरणी पोरं डोकं न वापरता सरळ चढतात आणि दमतात. म्हाताऱ्या माणसाचा आळस इथे कामी येतो. (सासऱ्यांना हे वाक्य वाचून दाखवू नका.)

तुमच्या मिस्टरांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण ‘मी गाडीत पेपर वाचतो’ हे वाक्य मी बऱ्याच घरांतून ऐकलंय. त्यांना बहुतेक असं वाटतंय की आपल्याला कौतुकाने ढकलत नेतील, एखाद्या सपाट कोपऱ्यात दोन कंट्रोल दाखवतील आणि टाळ्या वाजवतील. तसं असेल तर त्यांनी गाडीत बसलेलंच बरं.

पण याच खेळाचा एक वेगळा प्रकार आहे, ट्रेल ओरिएंटियरिंग. ज्यांना चालता-धावता येत नाही त्यांना बरोबरीने खेळता यावं म्हणून तो घडवला गेला. त्यात पायांचा वेग मोजत नाहीत, डोकं किती अचूक चालतं ते बघतात. स्पर्धक वाटेवरच राहतो. ठरलेल्या जागी थांबून समोरच्या रानात बघायचं. तिथे दोन, तीन, कधी पाच कंदील टांगलेले. डावीकडून पहिला ए, दुसरा बी, असं. नकाशावरच्या वर्तुळाच्या अगदी केंद्रात आणि वर्णनात लिहिलेल्या जागी यांतला कुठला? समजा वर्णन आहे ‘खडक, ईशान्य बाजू’. एक कंदील खडकाच्या उत्तरेला, एक पूर्वेला, एक बरोबर दिसतोय खरा, पण तो शेजारच्याच दुसऱ्या खडकाचा. आणि सगळ्यात छळणारी शक्यता अशी की यांतला एकही बरोबर नाही. तेही एक ग्राह्य उत्तर असतं. माणसं वाटेवर मागेपुढे होऊन, होकायंत्र लावून, तपकिरी रेषा मोजून एकेका प्रश्नावर घाम गाळतात. पूर्ण फेरीला वेळेची एक ढोबळ मर्यादा असते, आणि घड्याळ लावून खेळायचे प्रश्न मोजकेच. तिथे बसून, सेकंदांवर उत्तर द्यायचं.

व्हीलचेअर ढकलायला मदतनीस चालतो, उत्तर शोधायला नाही. या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २००४ साली स्वीडनमध्ये वेस्टेरोस इथे झाली. तिच्यात चालण्या-फिरण्यात अडचण असलेल्यांचा वेगळा गट असतो आणि शिवाय सगळ्यांसाठी खुला गटही. त्या खुल्या गटात व्हीलचेअरवरचा माणूस आणि दोन पायांवर धडधाकट उभा असलेला माणूस एकाच प्रश्नापुढे, एकाच अंतरावर उभे असतात. कुणाला सवलत नाही. तुमच्या मिस्टरांना हे सांगा आणि बघा पेपर खाली होतो का.

मात्र हा प्रकार प्रत्येक फेरीत असेलच असं नाही. म्हणून आयोजकांना आधी फोन करा आणि नेमकं विचारा. ‘व्हीलचेअरची सोय आहे का?’ असं विचारलंत तर ‘हो हो, या ना’ असं उत्तर येतं आणि तिथे गेल्यावर खडी निघते. वाट किती रुंद, माती की डांबर, चढ किती, मध्ये पायऱ्या किंवा फाटकं आहेत का, स्वच्छतागृहाचं दार केवढं, असं एकेक विचारा. ट्रेलचे प्रश्न ठेवणार नसतील तर बागेतला किंवा पक्क्या रस्त्यांवरचा मार्ग आहे का ते विचारा. शहरी मार्गाच्या नकाशाचं प्रमाण सहसा १:४,००० असतं. भिंती, जिने, कुंपणं सगळं त्यात दिसतं, त्यामुळे कुठून जाता येईल हे बसल्या जागी ठरवता येतं. आणि ते नाहीच म्हणाले, तर त्यांचं नाही मान्य करा. ओढून नेऊ नका. घरी येताना तुमचे तीन नकाशे आणा आणि जेवणाच्या टेबलावर त्यांच्यापुढे पसरा. ‘चौथ्या कंट्रोलवरून पाचव्याकडे तुम्ही कुठून गेला असतात?’ इतकंच विचारायचं.

शेवटाच्या रेषेपाशी तुम्हालाही हेच दिसेल. कुणी पहिला आला, कुणी शेवटचा, यावर फारशी चर्चाच होत नाही. घामाघूम माणसं नकाशावर बोट फिरवत एकमेकांना सांगत असतात, “मी या घळीतून गेलो आणि अडकलो,” “मी वरून गेले, काटेच काटे.” सत्तरीची बाई आणि सतरा वर्षांचा पोरगा एकाच कंट्रोलबद्दल भांडतात, कारण त्यांच्या मार्गांचा तो एक कंट्रोल सामाईक असतो. कुटुंबांचा हा खेळ जुन्या वळणाचाच आहे. सर्वांसाठी खुली अशी पहिली स्पर्धा नॉर्वेत १८९७ साली झाली. पुढे तरुण मुलं मैदानी खेळांकडे वळेनात म्हणून अर्न्स्ट किलांडर या स्वीडिश स्काउट पुढाऱ्याने १९१९ साली स्टॉकहोमजवळच्या रानात मोठी स्पर्धा घेतली, तिला दोनशेहून जास्त स्पर्धक आले. त्याच देशात ओ-रिंगेन नावाचा पाच दिवसांचा मेळा १९६५ पासून भरतो, आणि १९८५ साली फालूनला त्यात २५ हजारांवर माणसं उतरली होती, पाळण्यातून जेमतेम उतरलेल्या पोरांपासून आजोबांपर्यंत.

पोरीसमोर काही झालं तर, ही भीती उरतेच. त्यासाठी २००९ सालची एक गोष्ट सांगते. हंगेरीत जागतिक अजिंक्यपदाची रिले चालू होती. शेवटच्या टप्प्यात स्वीडनच्या मार्टिन योहान्सनच्या मांडीत लाकडाचा तुकडा खोल घुसला. त्याच्याबरोबर पदकासाठी धावणारे फ्रान्स, नॉर्वे आणि चेक प्रजासत्ताकाचे तिघं खेळाडू थांबले, त्याला सांभाळलं, मदत आणली. तिघांचीही पदकं गेली. जखमी माणूस दिसला की शर्यत सोडून थांबायचं हा नियमच आहे, आणि पदक समोर असताना तो पाळला गेला. तुमच्या खुल्या फेरीत तर कुणाचं पदकही अडलेलं नसणार. गळ्यात शिटी ठेवा, अडचणीत असाल तर लागोपाठ सहा शिट्या आणि मग मिनिटभर थांबून पुन्हा. पूर्ण बाह्या, पूर्ण विजार आणि पकड असलेले जुने बूट घाला. आणि एक गोष्ट काहीही झालं तरी विसरू नका. फेरी अर्धवट सोडलीत, पावसात कंटाळलात, रडू आलं, काहीही, तरी शेवटाच्या टेबलापाशी जाऊन ‘आम्ही आलो’ असं सांगायचं. तुम्ही परस्पर घरी जाऊन झोपलात तर रात्री माणसं बॅटऱ्या घेऊन तुम्हाला रानात शोधत फिरतील.

होकायंत्र विकत घेऊ नका, निदान आत्ता नको. क्लबाकडे उसने मिळतात का विचारा. पायवाटांच्या मार्गावर त्याचं काम एकच, नकाशा कुठल्या अंगाने धरायचा ते सांगणं. या नकाशांवरच्या उत्तरेच्या रेषा चुंबकीय उत्तरेलाच धरून आखलेल्या असतात, त्यामुळे सुई त्या रेषांशी समांतर होईपर्यंत नकाशा फिरवला की झालं, बेरीज-वजाबाकी काही नाही. नकाशा फिरवायचा सराव तुम्हाला आहेच.

फोन न्या. संकटासाठी, पिशवीच्या तळाशी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. त्यावरचा नकाशा मात्र उघडायचा नाही. वाट शोधायला त्याची मदत घेणं स्पर्धेत नियमाबाहेर आहे, आणि तुमची लेक दहा पावलं पुढून वळून बघत असणार.